परीक्षणासाठी फुकट प्रत मागितली तर

पुस्तक स्वतः प्रकाशित केलं की 'परीक्षण लिहितो, एक प्रत पाठवा' असे निरोप येऊ लागतात. प्रत देण्याआधी त्या व्यक्तीची तीन-चार जुनी परीक्षणं वाचा. पुस्तक खरंच वाचलंय की मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिलाय, हे लगेच कळतं. निरोपात तुमच्या पुस्तकाचं नावच नसेल, नुसतं 'आपलं सुंदर पुस्तक' असेल, तर तोच मजकूर आणखी कितीतरी लेखकांना गेलेला असतो. अशांना नम्रपणे नकार द्या, मनाला लावून घेऊ नका.

पहिल्यांदा ई-प्रतच द्यावी. छापील प्रतीला छपाई आणि टपाल असा दुहेरी खर्च येतो. पीडीएफ पाठवत असाल तर प्रत्येक पानाच्या तळाशी मागणाऱ्याचं नाव आणि 'परीक्षणासाठी, विक्रीसाठी नाही' एवढं छापा. तेवढ्यानंही प्रत इकडे-तिकडे फिरायला आळा बसतो.

अ‍ॅमेझॉनचा नियम मात्र नीट समजून घ्या. फुकट प्रत देता येते, पण तिच्या बदल्यात परीक्षणाची अट घालता येत नाही आणि मतावर दबाव आणता येत नाही. घरच्यांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणंही तिथे चालत नाहीत. म्हणून मी प्रतीसोबत दोनच ओळी लिहिते: 'वाचून लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. प्रत भेट मिळाल्याचा उल्लेख करा आणि मत तुमचंच असू द्या.'

कुणाला, कधी, कोणती प्रत दिली याची वही ठेवा. महिन्याभरानं एकदा आठवण करून द्या, पुन्हा नको.