सोलापुरी स्वयंपाकातल्या कॅलरी घरच्या घरी कशा काढायच्या

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला साधारण किती कॅलरी पोटात जातात, तर आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. घरी येऊन मोबाईलवर अॅप टाकलं, त्यात 'वांग्याची भाजी एक वाटी' लिहिलं की झटकन आकडा येतो, पण ती वाटी केवढी, तेल किती, शेंगाचं कूट घातलंय का नाही, कशाचाच पत्ता नाही. आपल्याकडं कूट आणि तर्री नसेल तर भाजीला भाजी म्हणतं का कुणी? म्हणून मग मी स्वतःच मोजायला शिकले, ते सांगते.

एक डिजिटल वजनकाटा घ्या, एक-एक ग्रॅम दाखवणारा आणि वर भांडं ठेवून शून्य करता येणारा. वाटी-चमच्यावर जाऊ नका, आमच्या एका घरात तीन मापाच्या वाट्या आहेत. मग रोजच्या कढया, पातेली, कुकरचे डबे रिकामे असतानाच वजन करून वहीत लिहून ठेवा, हे एकदाच करायचंय.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, मी तेच धरते. १०० ग्रॅम कच्च्या मालाला ज्वारी साधारण ३३४, गव्हाचं पीठ ३२०, तांदूळ ३५६, तूरडाळ ३३१, शेंगदाणे ५२०. शेंगदाणे भाजले की पाणी उडतं, म्हणून भाजलेल्या कुटाला मी ग्रॅमला साडेपाच धरते. तेल कुठलंही असू दे, करडई, सूर्यफूल, शेंगतेल, ग्रॅमला ९ च. लाकडी घाण्याचं असलं म्हणून कॅलरी कमी होत नाहीत, हे मला बऱ्याच जणींना समजावून सांगावं लागलंय.

पद्धत सोपी आहे, कढईत जे जे पडतं ते कच्चं असतानाच मोजायचं, सगळ्याच्या कॅलरी मिळवायच्या, भाजी झाली की कढईसकट वजन करून कढईचं वजन वजा करायचं आणि एकूण कॅलरीला त्या वजनानं भागायचं. आमची परवाची भरली वांगी बघा: वांगी ५०० ग्रॅम म्हणजे १२५, कांदा १०० ग्रॅम ५०, कूट ६० ग्रॅम ३३०, सुकं खोबरं २० ग्रॅम १२५, काळा मसाला धरा ३०, आणि तेल ५५ ग्रॅम, म्हणजे ४९५. बेरीज ११५५. शिजून भाजी भरली १०५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला १.१, आणि १५० ग्रॅमची वाटी घेतली तर १६५. आता नीट बघा, अर्धा किलो वांग्यांच्या १२५ आणि तेल, कूट, खोबरं तिघांच्या मिळून ९५०! म्हणून कोथिंबीर, टोमॅटो, हळद-मीठ मोजत बसून कंटाळू नका, ते अंदाजानं चालतं, पण हे तिघं काट्यावर आलेच पाहिजेत. कूट डब्यातून मुठीनं टाकायची सवय असते ना, तिथंच सगळा हिशोब फसतो.

तर्रीचं मात्र वेगळं. तेल वर येतं, त्यामुळं वरवरची तर्री घेणाऱ्याच्या ताटात जास्त जातं आणि खालचं घेणाऱ्याच्या कमी, मग सरासरीला काही अर्थ राहत नाही. वाढायच्या आधी तळापासून ढवळा, आणि कुणी वरून एक छोटा चमचा तर्री घेतलीच तर ४० च्या आसपास वेगळे धरा.

भाकरीला प्रत्येक उंडा मोजायची गरज नाही. पिठाचा डबा थापायच्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवा, जेवढं कमी झालं तेवढं पीठ, त्याला भाकऱ्यांच्या संख्येनं भागा, परातीत थापायला घेतलेलं पीठ पण त्यात आपोआप येतं. आमच्याकडं भाकरीला ७० ग्रॅम पडतं म्हणजे २३५ च्या आसपास. कडक भाकरीत कॅलरी कमी असं खूप जण समजतात, तर तसं नाही ओ, तव्यावरची मऊ भाकरी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते, तीच वाळवून कडक केली की ७५ च्या आसपास, पण गेलं ते फक्त पाणी, पीठ तेवढंच. विकतची कडक भाकरी पातळ असते म्हणून एकीत कमी येतात, पण कुडुमकुडुम करत तीन कधी संपतात कळत नाही.

भाताची चूक सगळ्यात जास्त होते. शिजलेला भात २०० ग्रॅम घेतला आणि कच्च्या तांदळाचा आकडा लावला तर ७१२ येतात, खरे असतात अडीचशेच्या आसपास, कारण १०० ग्रॅम तांदळाचा भात पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम होतो. ह्यांनी पहिले चार दिवस असाच हिशोब केला आणि भात बंदच करायला निघाले होते.

शेंगाची चटणी लाल तिखटासारखी वाटते म्हणून कुणी मोजत नाही. भरून एक चमचा काट्यावर ठेवला तर १२ ग्रॅम, म्हणजे साधारण ६०, वर तेल घेतलं तर आणखी ४०-४५, आणि एका भाकरीबरोबर असे दोन चमचे सहज जातात.

आणि महिन्याला एकदा तेलाचा ताळा बघा. आम्ही चौघं, ५ लिटरचा डबा महिनाभर पुरतो, लिटरला साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. तुमच्या वहीतलं रोजचं तेल याच्या जवळपास येत नसेल तर फोडणी न मोजता पडतीय, नाहीतर तळणाचं उरलेलं तेल परत मोजायचं राहतंय, कढई उतरवली की ते आधी काट्यावर ठेवा.