छोटं मेथडिस्ट कॉलेज : अर्ज करण्याआधी कुठले कागद उघडायचे

मी सांगलीत अकरावी-बारावीला गणित शिकवते. अमेरिकेला जायचं म्हणून शिफारसपत्र मागायला पोरं येतात, तेव्हा त्यांच्या यादीत मोठ्या विद्यापीठांच्या जोडीला हजार-दीड हजार विद्यार्थ्यांचं, आडगावातलं, चर्चशी नातं सांगणारं एखादं लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे एकाच शाखेत न बांधता अनेक विषय शिकवणारं, हमखास असतं. पत्र मी देते, पण आधी शेजारी बसवून काही कागद उघडायला लावते. वेबसाइटवरची हिरवळ आणि हसरी पोरं सगळीकडे सारखीच असतात. खरी गोष्ट आकड्यांत सापडते.

पहिली शंका घरातल्या आजीची : तिथं बाटवणार तर नाहीत ना? आजींना मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलची आठवण करून देते. वॉनलेस डॉक्टरांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं. ती मंडळी प्रेस्बिटेरियन, म्हणजे पंथ वेगळा, पण तिथं बाळंत झालेल्या बायका आपापल्या देवघराकडेच परतल्या. मेथडिस्ट कॉलेजांचंही साधारण तसंच आहे. अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लीचा हा ख्रिस्ती पंथ. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी एकोणिसाव्या शतकात गावोगाव कॉलेजं काढली. आज बहुतेक ठिकाणी एक चॅपल म्हणजे प्रार्थनाघर असतं, एक चॅप्लेन म्हणजे कॉलेजचा धर्मगुरू असतो, क्वचित धर्म या विषयाचा एखादा कोर्स सक्तीचा असतो.

नुसत्या शब्दावर विश्वास नको असेल तर 'कॉमन डेटा सेट' काढा, म्हणजे कॉलेजने ठरावीक नमुन्यात दिलेली स्वतःची आकडेवारी. कॉलेजच्या नावापुढे हे तीन शब्द टाकून शोधलं की बहुतेकांची पीडीएफ मिळते. नाही मिळाली तर प्रवेश कार्यालयाला मेल करून मागा. त्यात सी-७ नावाचा तक्ता आहे. प्रवेश देताना मार्क, निबंध, शिफारसपत्र यांना किती वजन देतात ते तिथं लिहिलेलं असतं, आणि धार्मिक बांधिलकीचीही एक ओळ असते. त्या ओळीत 'विचारात घेत नाही' या रकान्यात फुली असेल तर ती आजींना दाखवा.

नावांवर मात्र जाऊ नका. कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठाने मेथडिस्टांशी नातं १९३७ मध्येच तोडलं. उलट इंडियानातल्या डिपॉच्या नावात पंथाचा मागमूस नाही, पण ते १८३७ मध्ये मेथडिस्टांनीच काढलेलं. आयोवातलं कॉर्नेल कॉलेज तर पालकांना हमखास चकवतं. ते न्यूयॉर्कचं जगप्रसिद्ध कॉर्नेल नव्हे. हे छोटं, मेथडिस्ट परंपरेतलं आणि वयाने त्या मोठ्यापेक्षा थोरलं. तिथं एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकवतात आणि मग पुढचा. काही मुलांना ही पद्धत मानवते. रोज थोडं थोडं करणाऱ्याला गणित असं घाईने पचत नाही, हे माझं मत.

आता जी गोष्ट एजंट सांगत नाहीत ती. छोटी कॉलेजं बंद पडतात. इलिनॉयमधलं मॅकमरे २०२० मध्ये, १८४२ पासून चालू असलेलं आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये, अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४ मध्ये बंद झालं. तिन्ही मेथडिस्ट परंपरेतली. म्हणून कॉलेजची नाडी आपणच बघायची. खासगी कॉलेजांचं वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, इंटरनेटवर कुणालाही बघता येतं. तीन-चार वर्षांचे ओळीने बघा, खर्च उत्पन्नापेक्षा सतत जास्त दिसला तर तिथंच थांबा. शिवाय अमेरिकेचं शिक्षण खातं अशा कॉलेजांना आर्थिक तब्येतीचे गुण देतं, उणे १ ते अधिक ३ या मापावर. १.५ च्या वर असेल तर ठीक. कॉमन डेटा सेटमधला एकूण विद्यार्थ्यांचा आकडाही पाच वर्षांचा मांडा. दरवर्षी घसरत असेल तर कारण विचारा.

फीचा हिशोब पोरं सरळ गुणाकाराने करतात, तिथं गाडी घसरते. समजा फी, राहणं, जेवण मिळून वर्षाला ६५,००० डॉलर आहेत आणि गुणवत्ता शिष्यवृत्ती ४०,००० ची मिळाली. उरले २५,०००, चार वर्षांचे एक लाख, असं म्हणून पेढे वाटतात. पण शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा ठरलेली राहते आणि खर्च वाढत जातो. वर्षाला ४ टक्के वाढ धरा. चौथ्या वर्षी खर्च ७३,००० च्या वर जातो आणि तुमच्या वाट्याला २५ नाही, ३३ हजार येतात. चार वर्षांची बेरीज एक लाख सोळा हजार. डॉलर ९० रुपयांना धरला तर एक कोटी चार लाख. वरचे सोळा हजार डॉलर म्हणजे चौदा लाखांच्या पुढे. त्यामुळे शिष्यवृत्तीचं पत्र आलं की दोन प्रश्न लेखी विचारा : ही रक्कम दरवर्षी वाढते का, आणि टिकवायला किती जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, लागतो?

परदेशी मुलांना ते खरोखर किती देतात हे कॉमन डेटा सेटच्या एच-६ मध्ये असतं : किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती. शंभर परदेशी मुलांत दहालाच मदत असेल तर आशेवर अर्ज करू नका.

शेतकरी घरांची अडचण वेगळी. उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्न कोरं किंवा भरलेलंच नाही, आणि आर्थिक मदतीसाठी भरायचा सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म तर उत्पन्न विचारतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, कारखान्याची ऊसबिलं, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या एकत्र करा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात चार सरळ वाक्यांत लिहा. एका वर्षी पावसाने बाग गेली असेल तर तेही. सातबाऱ्यावरची जमीन म्हणजे हातातला पैसा नाही हे त्यांना आपोआप कळत नाही.

आपल्याकडे रयतची 'कमवा व शिका' ठाऊक असल्याने पालक विचारतात, तिथं काम करून भागेल का? सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मुभा आहे, पण छोट्या कॉलेजात आठ-दहा तास मिळाले तरी पुष्कळ. देशपातळीवरचा किमान दर तासाला ७.२५ डॉलर. आठवड्याला दहा तास, तीस आठवडे : २,१७५ डॉलर. विमानाचं तिकीट आणि पुस्तकं. फी नव्हे.

कागदांत नववी ते बारावीचे गुण लागतात, म्हणजे नववी-दहावीची शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय अशा दोन ठिकाणी खेटे. खरी पंचाईत शिफारसपत्राची. ज्या कॉलेजात नाव आहे तिथं तोंड दाखवलेलं नसतं, शिकवलेलं क्लासवाल्यांनी. मग सर लिहिणार काय? अकरावीतच दोन शिक्षक धरा, त्यांच्या तासाला बसा, प्रश्न विचारा. पत्र सप्टेंबरात मागा. जानेवारीनंतर आम्ही प्रॅक्टिकल आणि बोर्डाच्या कामात बुडालेले असतो. पत्र चढवायची लिंक आमच्या मेलवर येते, ती बऱ्याचदा स्पॅममध्ये पडते, तेव्हा आठवण करायला लाजू नका. बारावीचा निकाल मे महिन्यात, त्यांचे निर्णय त्याआधी, म्हणून अंदाजे गुण कॉलेजच्या लेटरहेडवर द्यावे लागतात. प्राचार्यांना हे आधी समजावून सांगा.

निबंधाची मर्यादा ६५० शब्द. 'मला देशाची सेवा करायची आहे' हे आमच्या सगळ्या पोरांनी लिहून झालंय. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला एक मुलगा भौतिकशास्त्र आणि संगीत दोन्ही घ्यायचं म्हणत होता. लिबरल आर्ट्समध्ये ते जमतं, मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाअखेर ठरवायचा असतो. त्याचा पहिला खर्डा भारतीय संस्कृतीवर होता. मी म्हटलं, जवारी कशी लावतोस ते सांग. घोडी किती घासायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवला की तंबोऱ्याचा आवाज कसा उघडतो, आजोबा डोळे मिटून कुठं थांब म्हणतात, हे त्याने दीड पानात लिहिलं. तोच निबंध गेला.

प्रवेश झाला की १ मेच्या आत एकाच कॉलेजला अनामत भरा. मग व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, आय-२०, येतं, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची ३५० डॉलरची सेव्हिस फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का ते पासपोर्ट काढतानाच बघा. आडनाव आधी की वडिलांचं नाव आधी, यात महिना जातो. व्हिसाच्या मुलाखतीत 'हेच कॉलेज का' विचारतील, तेव्हा विषय, प्रयोगशाळा, वर्गात किती मुलं असतात ते सांगा. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात, त्यामुळे मुंबईत मुक्कामाची सोय तारीख घेतानाच करून ठेवा.