गाडीतला रेडिओ खरखरतोय? सेट बदलण्याआधी एवढं बघा

सातारा ते पुणे माझी आठवड्यातून दोनदा फेरी असते. बाबा शेजारी बसले की मीडियम वेव्हच्या ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र लागलंच पाहिजे. बातम्यांतलं एक वाक्य निसटलेलं त्यांना चालत नाही. गेल्या पावसाळ्यानंतर तिथे नुसती खरखर यायला लागली. दुकानात सांगितलं, "सेट गेला, नवीन टाका." सेटला काहीही झालं नव्हतं.

खंबाटकीच्या बोगद्यात आवाज गेला तर तो बिघाड नव्हे. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत येतात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून तपासणी मोकळ्या जागी करा, विजेच्या तारांपासून लांब. तिथे एरवी स्वच्छ लागणारं स्टेशन लावा. पुण्यात असाल तर एफएम १०१ वरची विविध भारती. दुसऱ्या गाडीत ते नीट लागतंय आणि तुमच्यात नाही, मगच पुढे जा.

आधी चार्जर उपटा. मोबाइलचा, डॅशकॅमचा, सगळे. स्वस्त चार्जर बारा व्होल्टचे पाच करताना भरपूर खरखर सोडतात आणि मीडियम वेव्हवर ती जास्त ऐकू येते. घरी खिशातला ट्रान्झिस्टर असेल तर तो मीडियम वेव्हवर कुठलंच स्टेशन नसेल तिथे लावून डॅशबोर्डजवळ फिरवा. जिथे तो ओरडेल तिथे चोर. माझा ट्रान्झिस्टर डॅशकॅमच्या चार्जरपाशी ओरडला.

मग इंजिन बंद आणि चालू ठेवून ऐका. ॲक्सिलरेटर दाबताना शिट्टीसारखा सूर चढत गेला तर संशय बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर. पेट्रोल गाडीत टकटक वाढत गेली तर स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी. इंजिन चालू असताना त्या वायरींना हात अजिबात लावायचा नाही.

चार्जर काढूनही माझी अर्धी खरखर उरलीच, म्हणजे अँटेना. सेट बाहेर ओढून अँटेनाचा जॅक काढला आणि सेटवरच्या अँटेना सॉकेटच्या मधल्या भोकात ७५ सेंटिमीटर वायर खोचली. एफएमच्या लहरीची ही साधारण पाव लांबी. १०१ खणखणीत लागलं! सेट निर्दोष.

आता मल्टिमीटर, जोड सलग असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर. जॅक सेटबाहेरच ठेवा. छतावरच्या साध्या काडीपासून जॅकच्या मधल्या पिनेपर्यंत बीप यायला हवा. मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात बीप आला तर केबल आत शॉर्ट. बाहेरची कडी आणि गाडीचा पत्रा यांच्यात मात्र बीप हवाच. माझ्याकडे तिथेच शांतता होती. अँटेनाच्या बुडाखाली पाणी शिरून गंज धरला होता, पत्र्याशी असलेलं अर्थिंग तुटलं होतं. पॉलिश पेपरने घासलं, नट आवळला, रबर नवं टाकलं.

तुमच्या अँटेनात ॲम्प्लिफायर असेल तर हे मोजमाप लागू पडत नाही. तिथे बघायचं ते बारा व्होल्ट पोचतात का. बाहेरून नवा अँड्रॉइड सेट बसवल्यावर आवाज गेला असेल तर या ॲम्प्लिफायरला वीज देणारी अँटेनाची निळी वायर जोडायची राहिली आहे का, हे सगळ्यात आधी पाहा. आणि छतावर माशाच्या पंखासारखा नुसता शोभेचा शार्क फिन चिकटवून मूळ काडी काढू नका, त्या फिनमध्ये बऱ्याचदा अँटेनाच नसतो.

डॅशकॅमला आता दुसरा चार्जर आहे. तो घेण्याआधी दुकानातच ट्रान्झिस्टर जवळ धरून पाहिला होता.