वाडीतला फुटबॉल क्लब उभा कसा करायचा, रेक्समच्या लोकांनी केला तसा

आमच्या वेंगुर्ला-शिरोडा पट्ट्यातली पोरं हल्ली मोबाईलवर वेल्समधल्या रेक्सम क्लबच्या मॅचेस बघतात आणि मला विचारतात, काका आपला क्लब असा वर कधी जाणार, आणि त्याला जोडूनच, आपल्याला कोण हिरो येऊन पैसे देणार. त्या पोरांसाठी आणि मालवणपासून रेडीपर्यंत ज्या ज्या वाडीत कोणाच्या डोक्यात क्लब काढायचं घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी रेक्समचं नीट समजून घ्या. उत्तर वेल्समधलं, एकेकाळी आजूबाजूला कोळशाच्या खाणी असलेलं शहर. क्लब १८६४ चा. २००८ मध्ये ते इंग्लंडच्या वरच्या चार डिव्हिजनमधून बाहेर पडले आणि पुढची १५ वर्षं पाचव्यातच अडकले. मग २०२१ च्या फेब्रुवारीत रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएलहेनी हे दोन अॅक्टर मालक झाले, २० लाख पौंड घातले, आणि २०२३, २०२४, २०२५ अशी लागोपाठ तीन प्रमोशन्स, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये बढती, घेतली जी त्या वरच्या पाच डिव्हिजनमध्ये त्याआधी कोणालाच जमली नव्हती. एवढं पोरांना पाठ आहे.

मधलं माहीत नसतं, आणि आपल्या कामाचं सगळं तिथेच आहे. २०११ च्या ऑगस्टमध्ये क्लबकडे पैसे नव्हते, लीगने सांगितलं की अडीच लाख पौंडांची हमी ठेवा नाहीतर सीझन खेळू देणार नाही, आणि गावातल्या लोकांनी रांगा लावून एका दिवसात एक लाख पौंडांच्या वर रक्कम गोळा केली. त्याच वर्षी सपोर्टर्स ट्रस्टने, म्हणजे चाहत्यांच्याच संस्थेने, क्लब हातात घेतला, एक मेंबर एक मत, आणि नंतर नऊ-एक वर्षं साध्या नोकरीधंद्यातल्या लोकांनी तो चालवला. त्या पहिल्याच सीझनला ९८ पॉइंट्स काढून दुसरे आले आणि तरी वर गेले नाहीत कारण सरळ प्रमोशन एकालाच मिळायचं. २०१३ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए ट्रॉफी, म्हणजे खालच्या डिव्हिजनच्या क्लबांचा कप, जिंकली. ते अॅक्टर आले तेव्हासुद्धा मेंबरांनी आधी मत दिलं, ९८.६ टक्के हो म्हणाले, मगच क्लब त्यांच्याकडे गेला. लोकांनी तो इतकी वर्षं जिवंत ठेवला होता म्हणून त्यांना विकत घ्यायला काहीतरी होतं.

म्हणून आपण सुरुवात माणसांपासून करायची. बॉल आणि जर्सी नंतर.

किनाऱ्यावर रापण सगळ्यांनी बघितली असेल, दोरीला सगळी वाडी लागते, मासळी आली की वाटे पडतात, कोणाची होडी कोणाचं जाळं कोणाचे हात सगळ्याचा हिशोब तिथेच वाळूत बसून होतो. क्लब तसाच बांधायचा. सात-आठ खात्रीची माणसं गोळा करा, त्यात एक तरी हिशोबाला पक्का पाहिजे, एक शाळेतले सर किंवा बाई, आणि एक मुंबईत राहणारा चाकरमानी ज्याचं बाकीचे चाकरमानी ऐकतात. वर्गणी एवढीच ठेवा की रोजंदारीवाल्याला पण देता येईल, आम्ही महिन्याला ५० रुपये ठेवली, आणि जो पाच हजार देईल त्याचंही मत एकच हे पहिल्याच मीटिंगला सगळ्यांसमोर बोलून घ्या. नंतर बोललात तर भांडण होतं. मोठी मीटिंग गणपतीत घ्या कारण तेव्हा घरटी माणूस गावात असतो, आरती झाली की तासभर बसा, वर्षाचा हिशोब वाचून दाखवा. बँकेत खातं दोन सह्यांचं. दर महिन्याचा खर्च व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, बिलाच्या फोटोसकट, अगदी ४० रुपयांची पंप पिन आणली तरी.

रजिस्ट्रेशन पहिल्या वर्षीच करायची घाई नको पण दुसऱ्या वर्षी करा. किमान ७ जण लागतात, सोसायटी आणि ट्रस्ट दोन्हीची नोंद जिल्ह्याच्या धर्मादाय ऑफिसात होते, माहितगार वकील धरा. त्यानंतर जिल्हा फुटबॉल संघटनेकडे जायचं, जी राज्याच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडलेली असते. पोरांचे जन्मदाखले सुरुवातीपासूनच फाइलला लावा आणि वय खरंच सांगा. चौदाचा म्हणून सोळाचा खेळवलात तर कप मिळेल पण खरा चौदाचा जो पोरगा बाकावर बसतो तो परत येत नाही.

आता मैदान. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आम्हाला इथेच लागलंय.

आम्ही एका भरडीच्या जमिनीवर तीन वर्षं खेळलो, तोंडी परवानगीवर. दगड वेचले, खड्डे भरले, फक्की मारली. सातबाऱ्यावर वीसेक नावं, त्यातल्या ज्यांनी हो म्हटलं होतं ते वारले आणि एका सकाळी जाऊन बघतो तर गोलपोस्टच्या मधोमध जांभ्या दगडाचा गडगा घातलेला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, जमीन त्यांची, आमच्याकडे कागद नव्हता. रेक्समचंसुद्धा असंच झालं होतं बघा, २००० नंतरच्या वर्षांत त्यांच्या रेसकोर्स ग्राउंडची जमीन क्लबच्या हातून मालकाच्या दुसऱ्या कंपनीकडे गेली, जागा रिकामी करा म्हणून नोटीस आली, प्रकरण कोर्टात गेलं, २००४ ला क्लब दिवाळखोरीच्या कारभारात, वर १० पॉइंट्स कापले आणि खाली उतरले. म्हणजे एवढ्या जुन्या क्लबची ही गत. तर कागद करा. खाजगी जमीन असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, मुंबईच्या भावांच्या पण, आणि शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं मैदान असेल तर ठराव लेखी घ्या.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, मैदान केलंत तर पोरांना घसरून टॅकल शिकवू नका, गुडघे सोलून निघतात. मळ्यात भात कापणीनंतर खेळता येतं पण वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची, शेती असेल तिथे नाही. आणि काहीच नसेल तर समुद्र आहेच, फक्त वेळ जमवावी लागते. आपल्याकडची म्हातारी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तेच वापरा. पुनव किंवा अमावस म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्या सुमारास पाणी पूर्ण भरलेलं आणि सहा तासांनी साडेपाचच्या आसपास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांब जातं आणि ओली घट्ट वाळू मिळते, ज्यावर बॉल चांगला पळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी चढलेलं, तेव्हा प्रॅक्टिस ठेवू नका. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतच्या संध्याकाळी आपल्या, बाकी दिवस सड्यावर. हे कॅलेंडरवर पेनाने मार्क करून क्लबच्या भिंतीला लावा. पावसाळ्यात समुद्रावर अजिबात नाही, बॉल पाण्यात गेला की पोरगं मागे धावतं.

गोलपोस्ट मोठ्यांसाठी ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, लहानांना अर्ध्याएवढा पुरे. आम्ही सुरूच्या वाश्यांचे केले, नंतर लोखंडी पाइप. काहीही करा पण जमिनीत पक्के गाडा नाहीतर मागून वजनाने बांधा, पोरं वरच्या दांडीला लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. जाळी विकत आणू नका. रापणीच्या माणसांकडे फाटलेलं जाळं मागा, ते हसत हसत देतात आणि वर शिवून पण देतात, आमच्याकडे एक आजोबा दुपारभर मांडी घालून सुई घेऊन बसले होते, गोल झाल्यावर बॉल अडकतो की बाहेर येतो हे पोरांकडून चार-पाचदा मारून बघितलं आणि मगच उठले. ८ ते १२ वर्षांच्या पोरांना ४ नंबरचा बॉल द्या, त्यापुढे ५. रेषांना कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर संपलं. फक्की आणा.

कोच हवा. गावातला जो बरा खेळतो त्याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्स या कोचिंगच्या कोर्सला क्लबच्या पैशाने पाठवा, जर्सीचे पैसे त्यात गेले तरी चालतील. गोवा आपल्याला जवळ आहे, तिथल्या क्लबांशी फ्रेंडली मॅच मागा. पहिल्या वर्षी आम्ही आठ-आठ गोल खाल्ले. पोरं रडली, पण पुढच्या वेळी आपणहून सकाळी सहाला हजर होती. शाळेच्या सरांना सांगून सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, नाव घाला.

मोठी नावं बोलवायच्या आधी जुनी माणसं बोलवा. गोलकीपर बेन फॉस्टर २००५ ला रेक्समकडे लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसना, खेळला होता, रिटायर झाला होता, आणि २०२३ च्या मार्चमध्ये गोलकीपर जखमी झाला म्हणून क्लबने त्याला परत बोलवलं. १० एप्रिलला नॉट्स काउंटीविरुद्ध रेक्सम ३-२ ने पुढे असताना शेवटच्या मिनिटांत त्याने पेनल्टी अडवली, वय ४०. तो सीझन रेक्समने १११ पॉइंट्सवर संपवला आणि नॉट्स काउंटीने १०७. आपल्याकडचे असे फॉस्टर ठाण्याला डोंबिवलीला नोकरी करतायत, मे महिन्यात येतात, त्यांना पंधरा दिवस पोरांबरोबर उभे करा.

मुलींची टीम पहिल्या दिवसापासून काढा, नंतर बघू म्हणालात की ती कधीच निघत नाही. रेक्समच्या बायकांच्या मॅचला २०२३ च्या मार्चमध्ये ९,५११ लोक आले होते. आमच्याकडे सुरुवातीला चारच मुली होत्या आणि एकीची आई रोज बांधावर येऊन बसायची, आता ती आईच पाण्याच्या बाटल्या आणि फर्स्ट एडची पेटी सांभाळते आणि मीटिंगला तिचंही एक मत असतं.

पहिली मॅच समुद्रावर, पुनवेला ठेवा. चारला पोचा म्हणजे पाणी उतरता उतरता रेषा मारून होतात, पोस्ट गाडायला अर्धा तास जातो, साडेपाचला शिट्टी. जाळं आदल्या रात्री भिजवून ठेवा, सुकलेलं असलं की गाठी धरत नाहीत.