मनमिळाऊपणाची बेरीज करण्याआधी

स्वभावचाचणीचा कागद घेऊन आलेली माणसं मला आधी मनमिळाऊपणाची बेरीज दाखवतात. मी ती झाकायला सांगते आणि खालचे सहा आकडे वाचायला लावते.

कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ च्या स्वभावचाचणीत मनमिळाऊपणाचे सहा घटक आहेत: विश्वास, सरळपणा, परोपकार, नमतं घेणं, विनम्रता आणि हळवेपणा. प्रत्येकाची आठ विधानं, म्हणजे घटकाला ० ते ३२ गुण. काही विधानं उलटी लिहिलेली असतात, त्यांचे गुण उलटे धरायचे. ती चाचणी विकतची आहे. घरच्या घरी बघायचं तर जॉन्सन यांची १२० विधानांची मोफत आवृत्ती पुरते. तिच्यात घटकाला चार विधानं येतात.

आता परोपकार आणि नमतं घेणं शेजारी ठेवा. माझ्या मते खरं उत्तर इथेच मिळतं. शेजारच्या आजारी माणसाला महिनाभर डबा पोचवणारी बाई वाटणीच्या कागदावर मात्र वाचल्याशिवाय सही करत नाही, दीर कितीही रागावला तरी. दुसरीकडे ऑफिसात कुणालाच 'नाही' न म्हणणारा माणूस. त्याला समोरच्याची कळकळ असेलच असं नाही, त्याला भांडण नको असतं. दोघांची बेरीज सारखी येऊ शकते. २००७ मध्ये डीयंग, क्विल्टी आणि पीटरसन यांनी या गुणाचे दोन भाग दाखवले, ते साधारण असेच: एक करुणा, दुसरा अदब.

तुमचं कुठलं, हे कळायला पंधरा दिवस वही ठेवा. कुणाला 'हो' म्हटलंत की एकच ओळ लिहा: त्याची गरज दिसली म्हणून, की तो चिडेल म्हणून? शिवाय घरातल्या एकाला तुमच्याबद्दल तीच विधानं भरायला द्या. विनम्रतेचे गुण स्वतःला देणं अवघड असतं, तिथे दुसऱ्याचं मत फार कामाचं.

आकडा कमी आला म्हणून माणूस वाईट ठरत नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. तुलना आपल्या वयाच्या लोकांशीच करा, कारण वयाबरोबर हा गुण सरासरीने वाढतो.

वहीत 'चिडेल म्हणून' जास्त वेळा आलं, तर परोपकाराला हात लावू नका. फक्त उत्तर लांबवायला शिका: "आज नाही सांगत, उद्या संध्याकाळी फोन करते." आणि फोन नक्की करा.