तेलाच्या पत्र्याच्या डब्यात कोथिंबीर

15 किलोचा तेलाचा चौकोनी डबा मधोमध आडवा कापला की दोन कुंड्या होतात, प्रत्येकी साधारण 17 सेंमी खोल. कोथिंबिरीच्या सोटमुळाला एवढी खोली लागतेच. कापलेली कड पकडीने आत दुमडा आणि डबा गरम पाणी व भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा जाईपर्यंत घासा.

तळाला खिळ्याने 10-12 भोकं पाडा, पण आतून बाहेर ठोकून. बाहेरून ठोकल्यास पत्र्याच्या कडा आत उभ्या राहतात, तळाशी पाणी साचतं आणि मुळं कुजतात. डबा विटांच्या तुकड्यांवर ठेवा.

दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, 1 सेंमी खोल पेरा. उगवायला 8 ते 12 दिवस लागतात, तोवर माती उकरून पाहू नका. रोपं उपटून दुसरीकडे लावणंही टाळा, मूळ दुखावतं.

उन्हात पत्रा तापून कडेची मुळं करपतात, म्हणून भोवती गोणपाट गुंडाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली हवीच, नाहीतर पानं धरण्याआधीच तुरे येतात.