जुन्या फोटोतला जर्मन टँक ओळखायचा कसा: आधी चाकं मोजा

फोटोत टँक आहे आणि त्यावर जर्मन क्रॉस आहे एवढं दिसलं की बहुतेक जण 'टायगर' (जर्मनांचा गाजलेला जड टँक) म्हणून मोकळे होतात. 1944 साली नॉर्मंडीत लढणारे ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकही हेच करायचे, झुडपाआडून लांब नळी दिसली की टायगर आला म्हणून बोंब, आणि नंतर जवळ जाऊन बघितलं तर बऱ्याचदा तो त्याहून हलका, नेहमीचा जर्मन टँक पॅन्झर फोर निघायचा. त्यांच्या अंगावर गोळे येत होते, त्यांचं मी समजू शकतो, पण आपण घरात बसून फोटो बघतोय, आपल्याकडे वेळ आहे, तर नीट ओळखूया ना. टायगर वन संपूर्ण युद्धात फक्त 1347 बनले. अमेरिकेने शर्मन जवळपास 49 हजार बनवले आणि रशियाने टी-34 तर पन्नास हजारांच्या वर. टायगरचे फोटो एवढे दिसतात कारण जर्मन सैन्याबरोबर प्रचाराचे फोटोग्राफर असायचे आणि त्यांना तोच दाखवायचा असायचा, त्यामुळे फोटोंच्या संख्येवरून टँकच्या संख्येचा अंदाज बांधायला जाऊ नका.

पहिलं काम म्हणजे टँककडे बघायचंच नाही. आधी फोटो कधीचा आणि कुठला ते शोधा. तारीख मिळाली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. 1940 च्या मेमध्ये फ्रान्सवर हल्ला झाला तेव्हा जर्मनांकडे जे टँक होते त्यातले निम्म्याहून जास्त पॅन्झर वन आणि पॅन्झर टू होते, म्हणजे एकात नुसत्या दोन मशीनगन आणि दुसऱ्यात 20 मिलिमीटरची छोटी तोफ. समोर फ्रेंचांचे चिलखताने जाड टँक होते. तरी फ्रान्स सहा आठवड्यात पडला, कारण जर्मनांनी टँक विखरून न ठेवता एका ठिकाणी एकत्र घुसवले, जवळजवळ प्रत्येक टँकमध्ये रेडिओ होता, आणि 13 मेला सेदानपाशी म्यूझ नदी ओलांडल्यावर ते थांबलेच नाहीत. टायगर पहिल्यांदा लढाईत दिसतो 1942 च्या उन्हाळ्याच्या शेवटी, लेनिनग्राडजवळ. पँथर जुलै 1943 मध्ये रशियात कुर्स्कला. टायगर टू 1944 मध्ये. त्यामुळे 1941 चा रशियातला फोटो आणि खाली 'टायगर' लिहिलेलं असेल तर पुढे वाचायचीसुद्धा गरज नाही.

आता चाकं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या कारण तोफ बदलायचे, चिलखत बदलायचे, पण खालचा सांगाडा सहसा तोच राहायचा. एक बाजू नीट दिसेल असा फोटो घ्या आणि जमिनीवर टेकलेली चाकं मोजा. पुढचं दातेरी चाक, जे पट्टा ओढतं, ते मोजायचं नाही आणि मागचं, पट्ट्याला ताण देणारं, तेही नाही. (जर्मन टँकमध्ये दातेरी चाक कायम पुढे असतं, टी-34 आणि बहुतेक ब्रिटिश टँकमध्ये मागे, ही खूण एकटीच बरंच काम करते.)

पाच मध्यम चाकं आणि वर पट्ट्याला आधार देणारे चार छोटे रोलर दिसले तर पॅन्झर टू. चार मोठीच्या मोठी चाकं आणि अंगावर सगळीकडे रिव्हेट तर 38(टी), मूळ चेक टँक, जर्मनांनी चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर हे कारखान्यासकट मिळाले आणि 1940 ला फ्रान्समध्ये जर्मन सेनापती रोमेलच्या 7व्या पॅन्झर डिव्हिजनमध्ये हेच होते. सहा सारखी चाकं, वर तीन रोलर, तर पॅन्झर थ्री. आठ लहान चाकं दोन-दोनच्या जोडीत, वर चार रोलर, तर पॅन्झर फोर. थ्री आणि फोर मध्ये लोक फार गोंधळतात कारण वरून दोघांचा चेहरा सारखा आहे, पण सहा आणि आठ हे मोजता येतंच, धुळीने अर्धं झाकलेलं असलं तरी वरचे रोलर मोजा.

सहा चाकं आहेत पण वर फिरणारा टरेट, म्हणजे तोफ बसवलेला बुरूज, तोच नाही, बुटका टँक आहे आणि तोफ सरळ अंगातून बाहेर आलीये, तर ती स्टुग थ्री. ही टँकवाल्यांची नाही, तोफखान्याची गाडी होती, पायदळाबरोबर चालायची, आणि जर्मनीने सगळ्या चिलखती लढाऊ गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त संख्येने बनवली ती हीच. टरेट नसल्याने स्वस्त, बुटकी असल्याने लपायला सोपी, बचावाच्या लढाईत तिने फार मोठं काम केलं. माझ्या मते सामान्य वाचकाच्या नजरेतून सगळ्यात अन्यायाने निसटलेली जर्मन गाडी हीच आहे.

आणि चाकं मोजताच येत नाहीयेत, एकावर एक चढलेली, एकमेकात घुसलेली मोठी मोठी चाकं आहेत, तर मग पँथर किंवा टायगर. हे असं करण्यामागे कारण होतं, वजन जास्त चाकांवर वाटलं जातं, जमिनीवरचा दाब सारखा पडतो, आणि 57 टनाचा टायगरसुद्धा शेतातून बरा चालतो. पण त्याची किंमत क्रू मोजायचा. आतलं एक चाक खराब झालं की त्याच्यासमोरची बाहेरची सगळी आधी काढायची, मग ते काढायचं, मग सगळी परत बसवायची, ते पण रशियाच्या चिखलात, आणि रात्रीत तो चिखल चाकांच्या मध्ये गोठला की सकाळी टँक जागेवरून हलत नाही. फोटोत टायगरशेजारी चाकांची चवड रचलेली आणि चार-पाच माणसं वाकलेली दिसली तर हेच चाललेलं असतं. टायगरचं अजून एक, त्याचे लढाईचे पट्टे 725 मिलिमीटर रुंद होते, ते रेल्वेच्या वॅगनबाहेर जायचे, म्हणून प्रवासात 520 चे अरुंद पट्टे चढवायचे आणि बाहेरची चाकं काढायची, उतरल्यावर परत सगळं उलट. त्यामुळे वॅगनवरचा टायगर थोडा बारीक दिसतो, बघून फसू नका.

दोघांतला फरक एका नजरेत कळतो. टायगर वन जुन्या पेढीवरच्या लोखंडी तिजोरीसारखा चौकोनी आहे, पुढची पाटी जवळजवळ उभी. पँथरचा पुढचा पत्रा एका सरळ उतारात खाली येतो, टी-34 चा झटका बसल्यावर जर्मनांनी उताराचं चिलखत घेतलं ते असं. पुढून पँथर फोडणं अवघड, पण बाजूला फक्त 40-50 मिलिमीटर, म्हणून त्याला कोपऱ्यातून, बाजूने गाठायचे. सप्टेंबर 1944 मध्ये फ्रान्समध्ये अराकूरला धुक्यात अमेरिकन शर्मन जवळ येऊन भिडले तेव्हा पँथरच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा काही उपयोग राहिला नाही आणि बरेच पँथर गेले. उतार पण आहे, आकार पँथरपेक्षा प्रचंड आहे, टरेट मागे लांब गेलाय, तर टायगर टू, ते पाचशेच्या आतच बनले.

तोफ आता शेवटी बघा. पॅन्झर फोरची नळी आखूड असेल तर 1942 च्या आधीचं मॉडेल, ती तोफ मुळात टँक मारायला नव्हतीच, पायदळाला आणि तोफांना स्फोटक गोळे मारायला होती, टँक मारायचं काम पॅन्झर थ्री कडे होतं. रशियात टी-34 समोर आला आणि थ्रीच्या टरेटमध्ये पुरेशी मोठी तोफ बसेना, म्हणून 1942 च्या मार्चपासून फोरला लांब 75 ची तोफ दिली, नळीच्या टोकाला जाड मझल ब्रेक, म्हणजे तोफेचा मागे बसणारा धक्का कमी करणारं तोंड, असलेली, आणि जुनी आखूड तोफ गेली थ्री च्या शेवटच्या मॉडेलवर. दोघांची कामं उलटी झाली. म्हणून आखूड जाड नळी दिसली तरी चाकं मोजल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

1943 नंतर पॅन्झर फोरच्या बाजूला आणि टरेटभोवती पातळ पत्रे लावायला लागले, त्याने टरेट गोल आणि मोठा दिसतो आणि नॉर्मंडीतले बरेचसे 'टायगर' यातूनच जन्मले. जवळून काढलेल्या फोटोत पत्र्यावर आडव्या बारीक रेघांचं, गिलाव्यासारखं काही दिसलं तर ते झिमेरिट, चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून लावलेला लेप. सप्टेंबर 1944 ला कारखान्यात ते लावणं बंद झालं, म्हणजे लेप दिसला की टँक त्याच्या आधी बनलेला. रंगावर मात्र विश्वास नको, हल्ली जुन्या फोटोंना कॉम्प्युटरवर रंग देतात आणि वाटेल तो देतात. एआयने बनवलेले 'दुर्मिळ फोटो' पण फिरतात, त्यातसुद्धा चाकंच घात करतात, एका बाजूला सात एका बाजूला आठ, पट्टा मध्येच गायब.

टरेटवरचा तीन आकडी नंबर वाचता आला तर भारी. पहिला आकडा कंपनी, दुसरा प्लॅटून, तिसरा गाडी. ट्युनिशियात एप्रिल 1943 मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागलेला, आज इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनला चालू स्थितीत असलेला टायगर 131 म्हणजे पहिली कंपनी, तिसरी प्लॅटून, पहिली गाडी.

हे सगळं एका फोटोवर लावून बघा. समजा वाळवंट आहे, खाली 'जून 1942, टोब्रुक, टायगर टँक' लिहिलंय. तारीख जून 1942, टायगर आफ्रिकेत पोचलाच त्या वर्षाच्या शेवटी, तेही ट्युनिशियात, म्हणजे नाव चूक. चाकं सहा, रोलर तीन, पॅन्झर थ्री. नळी बऱ्यापैकी लांब, मझल ब्रेक नाही, 50 मिलिमीटरची. आता हा फोटो आपल्या माणसांसाठी का महत्त्वाचा आहे ते सांगतो. 20 जून 1942 च्या पहाटे रोमेलने लिबियातल्या टोब्रुकच्या आग्नेय बाजूवर जो घाव घातला तिथे 11व्या भारतीय ब्रिगेडची 2/5 मराठा लाइट इन्फंट्री ही पलटण बसली होती. आधी स्टुका विमानांचा मारा, मग पायदळ आणि इंजिनिअर पुढे येऊन टँकविरोधी खंदक ओलांडायची सोय, आणि मग त्या वाटेने 15व्या आणि 21व्या पॅन्झर डिव्हिजनचे टँक आत. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, तीस हजारांहून जास्त सैनिक कैद झाले. सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांची गोष्ट तिथे अडकली आहे, आणि त्या पोरांसमोर टायगर नव्हता, बहुतांशी पॅन्झर थ्री होता. टायगर म्हटल्याने त्यांचं शौर्य वाढत नाही, खरं नाव लिहिलं तर निदान त्यांनी काय बघितलं ते तरी नीट कळतं.

सरावाला पुण्यातून सोपी जागा म्हणजे नगरचं, आता अहिल्यानगर, कॅव्हलरी टँक म्युझियम, नगर रोडने साधारण 120 किलोमीटर, 1994 पासून आहे. बरेचसे टँक उघड्यावर आहेत म्हणून ऊन चढायच्या आत पोचा, ओळखपत्र ठेवा, फोटो काढायची परवानगी आधी गेटवर विचारा. व्हॅलेंटाइन टँकची चाकं मोजा, एका बाजूला सहाच आहेत पण पहिलं आणि शेवटचं मोठं, मधली लहान, पॅन्झर थ्रीची सगळी एका मापाची असतात, हा फरक समोर उभं राहून एकदा बघितला की फोटोत परत चुकत नाही. तिथे जर्मन 88 मिलिमीटरची तोफ आहे आणि मॅटिल्डा टँकही आहे, दोन्ही बघितल्याशिवाय निघू नका. 21 मे 1940 ला फ्रान्समध्ये अरासपाशी ब्रिटिश मॅटिल्डा पुढे आले तेव्हा जर्मनांचे 37 मिलिमीटरचे गोळे त्यांच्यावर आपटून नुसते उडायला लागले, शेवटी रोमेलने विमानविरोधी 88 आडव्या करून त्यांना थांबवलं. जून 1941 ला इजिप्तच्या सीमेवर हलफाया खिंडीत वाळूत लपवलेल्या त्याच 88 ने मॅटिल्डा फोडले, तेव्हा त्या मॅटिल्डांबरोबर 11वी भारतीय ब्रिगेडच चढाई करत होती. जर्मन पद्धत बऱ्याचदा हीच असायची, टँकला टँक भिडवण्यापेक्षा शत्रूचे टँक लपलेल्या तोफांसमोर ओढून आणायचे. त्यामुळे फोटोत मोडके ब्रिटिश टँक दिसले तर ते टँकनेच मारले असं धरून चालू नका.

जुनी मासिकं किंवा पुस्तकं अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतात त्यातले छापील फोटो मोबाइलवर मोठे करून काही मिळत नाही, नुसते ठिपके मोठे होतात, त्यापेक्षा साधं भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात बघा. इंटरनेटवर विकिमीडिया कॉमन्सवर जर्मन सरकारी अभिलेखागाराने 2008 साली दिलेले हजारो फोटो आहेत, तारीख-ठिकाणासकट. फक्त त्यांच्या मूळ ओळी युद्धाच्या काळात लिहिलेल्या आहेत, तारीख घ्या, बढाई सोडा.

घरात आजोबा-पणजोबांचा असा फोटो असेल तर आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, मागे काही लिहिलेलं असेल तर ते फोटोइतकंच मोलाचं आहे. मूळ फोटोवर पेनने काही लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: फोटोत डोळ्यांना काय दिसतं, त्यावरून तुमचा अंदाज काय, आणि घरच्यांनी काय सांगितलं. उदाहरणार्थ, 'सहा चाकं, तीन रोलर, टरेट आहे, नळीला मझल ब्रेक नाही. बहुधा पॅन्झर थ्री. आजीच्या सांगण्यानुसार आफ्रिकेतला, साल माहीत नाही.'